हिराबाईंचा नंबर उलटा लिहिताना

आमच्या वाईचे लोक काशीला जातात, दुबईला जातात आणि परत आले की आठवडाभर सांगत बसतात. मी गेल्या भाद्रपदात अंधेरी, माहुल, घाटकोपर आणि मुलुंड असा चार दिवसांचा दौरा करून आले. भिशीतल्या बायकांनी विचारलं, "मुंबईत काय काय बघितलंस?" चौपाटी नाही, राणीची बाग नाही, म्हटलं. एका बाईंचा टेलिफोन नंबर तारेवरून उचलून इंटरनेटवर ठेवताना बघितला, आणि ठेवताना जवळजवळ पाडला, तोही मीच. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. म्हणून हे लिहून काढते आहे.

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. आधी ट्रंक बोर्डावर ऑपरेटर, मग एक्स्चेंजमध्ये. माझ्या भावाची मुलगी ऋतुजा अंधेरीतल्या एका लहानशा कंपनीत काम करते. माहुल गावाकडचं एक जुनं एक्स्चेंज बंद होणार होतं, आणि त्याच्यावरचे नंबर इंटरनेटवर आणायचं काम या कंपनीकडे आलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या, एक कोळीणबाई करेनात. शनिवारी सकाळी तार तुटणार. ऋतुजाचा फोन आला, "आत्या, तू ये ना यार. तुझ्या वयाच्या बायका तुझं ऐकतात." माझ्या वयाच्या बायका माझं ऐकत असत्या तर मला वाईत बरंच काही करता आलं असतं, पण भाचीने बोलावलं की पाय निघतोच.

बुधवार, अंधेरी

ऋतुजाचं ऑफिस औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आहे. खाली प्लास्टिकचे डबे बनतात, वर नंबरांची ने-आण चालते. सगळी पोरं कानाला काहीतरी लावून बसलेली, पण कुणीच बोलत नव्हतं. आमच्या वेळी एक्स्चेंजमध्ये इतकी कलकल असायची की घरी आल्यावरही मी ओरडूनच बोलायचे. इथली शांतता बघून मला आधी वाटलं की काम बंद पडलंय.

जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता ऋतुजाने मला सगळं समजावलं. मला वाटलं होतं अवघड असेल, पण तिने पत्त्याची गोष्ट काढली आणि झटकन कळलं. आपण पत्ता लिहितो तेव्हा आधी नाव, मग घर, मग आळी, गाव, तालुका, जिल्हा. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जातो. इंटरनेटवरची नावंही अशीच असतात, सगळ्यात मोठा तुकडा शेवटी. टेलिफोन नंबर मात्र मोठ्याकडून लहानाकडे येतो, आधी देश, मग शहर, मग एक्स्चेंज आणि शेवटी घर. तेव्हा नंबराचं इंटरनेटवरचं नाव करायचं तर आकडे शेवटून सुरुवातीकडे उलटे लिहायचे, प्रत्येक आकड्यानंतर एक टिंब द्यायचं, आणि मागे कंपनीचं नाव जोडायचं. कुणी तो नंबर लावला की यंत्र हे नाव यादीत शोधतं. नावापुढे लिहिलेलं असतं की हा फोन आता कुठे वाजवायचा.

"आणि नाव सापडलंच नाही तर?" मी विचारलं.

"मग कॉल जुन्या तारेवरून जातो. तार आहे तोपर्यंत."

एकतीस वर्षं मी नंबर लावले, पण नंबर असा पालथा करून बघायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. इतकी मजा वाटली की मी तिथल्या कागदावर वाईचा आमचा नंबर टिंबं देऊन उलटा लिहून काढला. ऋतुजा म्हणाली, "झकास! तू आजच जॉइन हो."

गुरुवार, माहुल

माहुलला जाताना दोन्ही बाजूंना तेलाच्या कारखान्यांच्या भिंती लागतात. भिंती संपता संपत नाहीत, आणि हवेला असा वास असतो की रॉकेलचा स्टोव्ह नुकताच विझवला आहे असं वाटतं. मग रस्ता वळतो आणि एकदम गाव सुरू होतं. अरुंद गल्ल्या, दारात वाळत घातलेली जाळी, पुढे खाडी आणि चिखलात टेकलेल्या होड्या. वाईला घाटावर जसे लोक पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात, तसेच इथेही बसले होते. "कोनाकडं?" असं तीन ठिकाणी विचारून झाल्यावर आम्ही हिराबाईंच्या दारात पोचलो.

हिराबाई सत्तरीच्या आसपासच्या. अंगाने भरलेल्या, नाकात मोठी नथनी, दोन्ही गुडघ्यांवर पट्टे. बाजूला स्टुलावर बिस्किटी रंगाचा जुना फोन, त्याच्यावर क्रोशाचं झाकण. मला बघून म्हणाल्या, "बस गो बाय. तू पन इंटरनेट घेऊन आयलीस का?"

मी म्हटलं, "मी नुसती आले. इंटरनेट हिच्याकडे आहे."

हिराबाई हसल्या आणि त्यांनी सुनेला हाक मारली. सुगंधा बाहेर आली. पस्तिशीची, सडपातळ, ओढणी कमरेला खोचलेली. सासूने तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींचे जिने चढून मासे विकले. गुडघे गेले तेव्हा सुगंधाने स्कूटर घेतली. आता हिराबाई फोनवर ऑर्डर घेतात, काय घ्यायचं आणि काय नाही ते गिऱ्हाइकाला सांगतात, आणि सुगंधा घरोघरी माल पोचवते. ऋतुजा कागद काढायला लागली, मी तिला डोळ्यांनी थांब म्हटलं. सही मागायची ती जेवणानंतर, हे मला नोकरीने शिकवलं आहे.

जेवण म्हणजे चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे खेकडा नदीतला, बारीक, आणि तो पाट्यावर वाटून रस्सा करायचा. इथला खेकडा माझ्या तळहाताहून मोठा. मी नांगी फोडायला गेले तर ती सटकून थेट ऋतुजाच्या लॅपटॉपवर. हिराबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून हसत सुटल्या. मग त्यांनी स्वतः नांगी फोडून माझ्या ताटात ठेवली आणि विचारलं, "तू टेलिफोनान होतीस ना? मग मना खरा सांग. नंबर तिकडं गेल्यावर पयला कोनाचा वाजनार?"

ऋतुजाने फॉर्म दाखवला. यादीत प्रत्येक नंबरापुढे क्रम लिहायचा असतो. आधी पहिल्याचा फोन वाजतो, पाच वेळा वाजून उचलला नाही की दुसऱ्याचा. ऋतुजाच्या ऑफिसने पहिलं नाव सुगंधाचं लिहिलं होतं आणि दुसरं हिराबाईंचं. "बाई थकल्यात, त्यांना त्रास नको म्हणून," ऋतुजा म्हणाली.

हिराबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "पाटी गेली, जिने गेले. ह्यो नंबर तेवडा रायला माजा. त्यो पयला हिच्याकडं वाजला तं मी कोन? घरान बसलेली म्हातारी."

इंटरनेटची भीती वगैरे काही नव्हती. महिनाभर ऑफिसची पोरं त्यांना इंटरनेट समजावत होती, आणि त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं. मला त्यांचं म्हणणं आतपर्यंत लागलं. मी निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या खुर्चीवर दुसरीला बसताना बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सुगंधाच बोलली. "आई, मी कधी बोलले का, मना पयली लिवा? तुमीच पयल्या." आणि ऋतुजाकडे वळून म्हणाली, "बदला ना ते." ऋतुजाने तिथल्या तिथे नावांची अदलाबदल केली. हिराबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि ठसठशीत अक्षरात सही केली.

रविवारची त्यांना खरी काळजी होती. गणपती गेल्यानंतरचा तो पहिला रविवार. श्रावणापासून तोंड बांधून बसलेली गिऱ्हाइकं त्या दिवशी मासळीवर तुटून पडतात, आणि ऑर्डरी येतात त्या शनिवारी सकाळी. नेमकी तेव्हाच जुनी तार जाणार होती. नंबर लागला नाही तर ही माणसं दुसरीकडून मागवतील आणि मग तिकडचीच होतील.

संध्याकाळी बोरीवलीला ऋतुजाच्या घरी आलो. शेजारच्या गुजराती वहिनींनी गरम हांडवो आणून दिला. तो खात खात ऋतुजा यादी भरत होती. हिराबाईंच्या कागदावर नंबर जुन्या पद्धतीने सात आकडीच लिहिलेला होता, आणि तो यंत्राला पटेना. असे नंबर हाताने लिहायचे होते. मी म्हटलं, "आण इकडे. नंबर लिहिण्यात माझा जन्म गेलाय." सातही आकडे मी शेवटून सुरुवातीकडे, टिंबं देत, सावकाश उलटे लिहिले. मग आठवलं की मुंबईच्या नंबरांना पुढे दोनाचा आकडा लागून ते आठ आकडी झाले, त्याला कितीतरी वर्षं झाली. तेव्हा आम्ही दिवसातून शंभरदा सांगत असू, "पुढे दोन लावा, पुढे दोन लावा." मी पुढे दोन लावला. ऋतुजा तेवढ्यात चहा टाकायला उठली होती. तिने येऊन शहराचे आणि देशाचे आकडे जोडले आणि बटण दाबलं.

शुक्रवार, घाटकोपर आणि मुलुंड

ऋतुजाला ऑफिसमध्ये काम होतं. तिने मला कामगिरी दिली की हिराबाईंच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जायचं आणि त्यांच्या फोनवरून हिराबाईंना फोन करून बघायचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवरून नंबर लागतो का ते कळलं पाहिजे. हिराबाईंकडे आता इंटरनेटवर चालणारा, टेबलावर ठेवायचा नवा फोन बसवला होता. जुनाही होता, शनिवारपर्यंत.

घाटकोपरला शालिनीताई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या इमारतीच्या फाटकावर वॉचमनने माझा फोटो काढला, माझा मोबाइल नंबर घेतला आणि वरून परवानगी येईपर्यंत मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. वाईत कुणाच्या दारात गेलं तर आधी पाणी मिळतं, चौकशी नंतर. वर गेल्यावर मात्र शालिनीताईंनी पाण्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीच पुढे केली. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं निघालं. त्यांचे वडील गाव सोडून इथे गिरणीत आले, आणि घरात मासे आणायला लागले ते शेजारपाजार बघून. "मासा कसा ओळखायचा ते मला हिराबाईंनी शिकवलं," त्या म्हणाल्या. "दारात बसून. मी त्यांच्या नातीला गणित शिकवायचे, त्या मला पापलेट."

त्यांच्या फोनवरून नंबर लावला. दोनदा वाजला आणि पलीकडून "बोल गो!" मी आनंदाने ऋतुजाला कळवलं, लागला म्हणून.

मुलुंडला गुप्ते होते. सत्तरी ओलांडलेले, गोरेपान, एकटेच राहणारे, आणि माशांविषयी बोलायला लागले की थांबवणं अवघड. मी म्हटलं, नुसता नंबर लागतो का ते बघायचं आहे, बोलायचं काही नाही. फोन लागला. गुप्त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "हिराबाई! कोलंबी मध्यम, सोलायची नाही, डोकी ठेवायची. सुरमईचा मधला भाग. मागच्या वेळी शेपूट आलं होतं, मी बोललो नाही." पलीकडून हिराबाई म्हणाल्या ते मलाही ऐकू आलं, "बोलले नाय? तीन वेला बोलले!" दहा मिनिटांनी मला फोन परत मिळाला. मी खुशीत विचारलं, "काय हिराबाई, नव्या फोनवर आवाज कसा येतोय?"

"नवा कुठं गो? नवा वाजलाच नाय. सकालपास्नं जुनाच वाजतो."

शालिनीताईंकडचा फोनही जुन्यावरच वाजला होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे यंत्राला यादीत नाव सापडतच नव्हतं, आणि कॉल मुकाट्याने तारेवरून जात होते. उद्या तार नाही. मी ऋतुजाला फोन केला. तिने यादी उघडून एकेक आकडा वाचला.

"आत्या, दोन कुठे लिहिलास?"

"पुढे. पुढेच लागतो दोन."

"अगं, सगळा नंबर उलटा झाला ना! मग पुढचा दोन शेवटी जायला हवा. शहराला चिकटून. वाट लागली यार!"

एकतीस वर्षांची सवय अशी नडली. ज्याला टेलिफोनमधलं काही कळत नाही अशा माणसाने ही चूक केलीच नसती, कारण त्याला दोन लावायचा असतो हेच ठाऊक नसतं. ऋतुजाने लगेच दुरुस्ती केली. पण तेवढ्याने भागत नव्हतं. एखाद्या फोन कंपनीच्या यंत्राने नाव विचारलं आणि "असं नाव नाही" असं उत्तर मिळालं, की ते यंत्र कितीतरी तास, कधी दिवसभरही, तेच उत्तर धरून बसतं, पुन्हा विचारत नाही. घाटकोपर आणि मुलुंडच्या कंपन्यांना ते विचारायला लावलं होतं मी, सकाळपासून फिरून फिरून. गुप्त्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "पण माझी सुरमई?" मी त्यांच्या सोफ्यावर बसले आणि मला स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी दिलेलं कोकम सरबतही गोड लागेना.

माहुलला फोन करून मी हिराबाईंना माझी चूक सांगितली. वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, "पयल्या दिवशी मी पन सगला मुलुंड उलटा फिरलेली. सकाली ये, कालवनाला शिवल्या आनते."

शनिवार, पुन्हा माहुल

आठ वाजताच पोचले. नऊच्या सुमारास हिराबाईंनी जुन्या फोनचं झाकण काढलं, रिसीव्हर कानाला लावला आणि परत ठेवला. आत काही नव्हतं. तार गेली होती.

आम्ही तिघी नव्या फोनकडे बघत बसलो. सुगंधा स्कूटरच्या खोक्यात बर्फ भरून तयार. साडेनऊ झाले. एरवी या वेळेला दहा-बारा फोन येऊन गेलेले असतात, असं सुगंधा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. हिराबाई शिवल्यांचे शिंपले साफ करत राहिल्या. मला वाटलं, उठावं, रिक्षा करावी आणि तडक वाईला जावं. इतकी लाज मला नोकरीतही कधी वाटली नव्हती.

दहाला दहा मिनिटं कमी असताना नवा फोन वाजला. वेगळाच आवाज, त्यामुळे आम्ही तिघी दचकलो. चेंबूरच्या कुणी बाई होत्या. हिराबाईंनी बोंबील लिहून घ्यायला सांगितले आणि फोन ठेवून माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा खाली आला. मग फोनांची रांग लागली. शालिनीताईंचा आला म्हणजे घाटकोपर सुटलं. मुलुंड मात्र गप्प होतं. अकरा वाजून गेले आणि गुप्त्यांचा फोन आला. काल सगळं सांगून झालेलं असताना त्यांनी कोलंबीच्या डोक्यांपासून पुन्हा सुरुवात केली. त्यांचं ते रडगाणं मला भजनासारखं गोड वाटलं. मी अंधेरीला कळवलं तेव्हा ऋतुजाच्या ऑफिसमधली ती मुकी पोरं ओरडलेली ऐकू आली.

शिवल्यांचं कालवण शिजत होतं. हिराबाईंचा आवाज बसत आला होता, पण तोंडावर असं तेज होतं की गुडघ्यांचे पट्टे कुणा दुसरीचेच वाटावेत. सुगंधा ओट्याजवळ उभी राहून पिशव्यांवर नावं लिहीत होती. फोन परत वाजला. हिराबाईंनी डोळे बारीक करून त्याच्या छोट्या खिडकीत बघितलं. ओळखीचा नंबर नव्हता. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मला राहवेना. "अहो, उचला ना! जाईल तो."

"जात नाय. तुज्या भाचीनंच सांगितला ना, पाचदा वाजला का पुढं जातो." त्यांनी फोनवर अलगद हात ठेवला, पण उचलला नाही. "नवीन गिऱ्हाईक हाय गो. जुनी हायत ती माजी. ही नवी आता तिच्या आवाजाला सरावली पायजेत."

पाचव्यांदा वाजून तो फोन थांबला आणि ओट्यावर सुगंधाचा मोबाइल वाजला. तिने गोंधळून सासूकडे बघितलं. हिराबाई शिवल्यांच्या पातेल्यात पळी फिरवत होत्या, जणू काही ऐकूच आलं नाही. सुगंधाने हात पुसले, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "हां, बरोबर लागलाय. हिराबाईंचाच नंबर आहे. मी त्यांची सून बोलते. काय पाठवू?"